वाकलो न्हाई, अडकलो हाय!

माझी कंबर आजवर एकदाच धरली, आणि तीही कंबर कशी जपावी हे मी बायकोला शिकवत असताना.

"सुमन, सिलिंडर कधी कमरेतून उचलायचं न्हाई. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, आणि हे असं..."

'असं' म्हणेपर्यंत मी माणूस होतो. त्यानंतर काटकोन झालो. (सिलिंडर रिकामं होतं, ही गोष्ट मी अजून तेलगावात कुणाला सांगितलेली नाही.)

"कावून हो? खाली काही सापडलं का?" सुमननं विचारलं.

"अडकलो!"

"आजच? अहो, पाहुणे निघालेत घरनं!"

पाहुणे म्हणजे माझ्या पूजाचं सासर होऊ घातलेली माणसं, युसूफ वडगावची. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होती. उरली होती फक्त आबासाहेबांची पसंती, म्हणजे पोराच्या वडिलांची हो. हे आबासाहेब मोठे बागायतदार आणि त्याहून मोठे मानकरी. एका घरी पाणी उशिरा आलं म्हणून सोयरीक सोडून उठले होते, असं आम्ही ऐकून होतो. अशा माणसाचं स्वागत आता मी त्यांच्या चपलांकडं बघत करणार होतो!

पूजा रडवेली झाली. "बाबा, थोडं तरी सरळ व्हा ना!"

"बाई गं, मी काय हौसेनं उभा हाय का असा?"

तेवढ्यात माझ्या नजरेच्या टप्प्यात दोन पाय आले. त्या दिवशी मी माणसं पायांवरूनच ओळखत होतो. पैंजण सुमनचे, रंगवलेली नखं पूजाची, आणि हे पांढरे बूट माझ्या पुतणीचे, रेणूचे. रेणू पुण्यात ऑस्टिओपॅथी शिकून आलेली. म्हणजे औषध नाही, सुई नाही, नुसत्या हातांनी आखडलेलं अंग मोकळं करायचं. गावात तिला 'हाडं मोडणारी पोरगी' म्हणत. (हे नाव मीच पाडलं होतं. देव बघत असतो.)

"काका, पायाला मुंग्या येत्यात का? पाय बधिर? लघवीला त्रास?"

"अगं, काकूसमोर काय विचारतीस!"

"तसं काही असंल तर मी हात लावणार न्हाई, सरळ दवाखान्यात नेणार. सांगा."

"न्हाई गं बाई, काही न्हाई!"

मग तिघींनी मिळून मला बैठकीतल्या सतरंजीवर कुशीवर निजवलं. मी डोळे मिटले, दात आवळले आणि 'कडाड' आवाजाची वाट बघू लागलो. रेणूनं माझ्या कमरेवर नुसता तळहात ठेवला. बराच वेळ तसाच.

"रेणू, चालू कर की आता."

"चालूच हाय, काका. श्वास सोडा."

मी श्वास सोडला. खरंच, आत आवळलेली गाठ कुणीतरी हळूहळू सोडवतंय असं वाटलं. मग तिचा हात बरगड्यांकडं सरकला, आणि एक कौटुंबिक गुपित उघडं पडलं: मला लई गुदगुल्या होतात!

"हीऽ हीऽ... आई गंऽ... हीऽ हीऽ... मेलो!"

"काका, हलू नका!"

"मग तू... हीऽ हीऽ... हात काढ!"

आणि नेमकं तेव्हाच दारातून भारदस्त आवाज आला, "येऊ का आत?"

धारूरचा घाट एवढ्या लवकर कुणी उतरतं का! मी घाईनं उठलो. रेणू ओरडली, "सावकाश!" पण तोवर मी निम्मा उठून पुन्हा अडकलो होतो, काटकोनात, हात जोडलेले, तोंड थेट आबासाहेबांच्या धोतराकडं.

आबासाहेब विरघळले. "अहो, हे काय! पोरीचे बाप म्हणून एवढं वाकायचं? आमाला न्हाई आवडत असलं."

"वाकलो न्हाई, अडकलो हाय!"

त्यांना तो विनय वाटला. "तुमी वाकणार, तर आमीबी वाकणार!" असं म्हणून त्या मानी माणसानं कमरेतून झुकून मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. आणि 'कट्' असा आवाज आला. मी मघापासून ज्याची वाट बघत होतो तो आवाज, पण दुसऱ्याच कमरेतून!

"अगं आई आई आई!"

आमची डोकी आता समोरासमोर होती. मिशांतून आबासाहेब पुटपुटले, "व्याही, मीबी अडकलो."

व्याही! काटकोनातही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रेणूनं मुंग्यांचा प्रश्न त्यांनाही विचारला, त्यांनीही लाजून नाही म्हटलं, आणि आम्ही दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी पडलो. आबासाहेबांबरोबर आलेल्या विहीणबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या. रेणूचा हात बरगड्यांशी गेला आणि आबासाहेब खिंकाळले. त्यांनाही गुदगुल्या! त्यानंतर कसला मान न् कसलं काय. कापसापासून उसापर्यंत सगळ्या गप्पा आम्ही आडवे पडूनच मारल्या. दोघंही भिंतीला धरून उभे राहिलो तेव्हा रेणू म्हणाली, "ही जादू न्हाई. वजन उचलायचं न्हाई, रोज थोडं चालायचं."

आबासाहेब गंभीर झाले. "सोयरीक पक्की. पण आमची एक अट हाय."

पूजानं माझा हात धरला.

"लग्नात व्याहीभेटीला मला उचलायचं न्हाई. मीबी तुमाला उचलणार न्हाई."

लग्न थाटात झालं. आमच्याकडं व्याहीभेटीत गळामिठी मारून एकमेकांना उचलायची पद्धत. आम्ही मात्र चार हातांवरून, खांबासारखे उभे राहून, नुसते हात जोडले. मांडवात लगेच कुजबुज सुरू झाली, "दोघांचं पटत न्हाई जणू. आणि पोरीचा बाप बघा की, काय ताठ माणूस हाय!"

माझ्या स्वतःच्या लग्नाला तीस वर्षं झाली, घरात मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी अभिमानानं सुमनकडं बघितलं. म्हणजे बघायला मान वळवली, आणि मान तिथंच राहिली!