भिंतीवरची बहीण

मोगऱ्याचा वास आला की मला ते फोटोंचं प्रदर्शन आठवतं. नात मला पुंडलिकनगरहून रिक्षानं तिथं घेऊन गेली होती. पांढऱ्याफेक भिंती, चपलेतूनही गार लागणारी फरशी, आणि एका मोठ्या चौकटीत माझी धाकटी बहीण, पिशोरच्या बाजारात मिरच्या विकायला बसलेली. आईच्या तेराव्याला आली नाही म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आमच्याकडं भिंतीवर फोटो लागतो तो मेलेल्या माणसाचाच. मला वाटलं, ती गेली आणि मला कुणी कळवलंही नाही. मी चपला काढल्या, नातीच्या वेणीतला गजरा ओढून चौकटीला अडकवला आणि मोठ्यानं रडले. फोटो काढणारा धावत आला. “ओ आजी, काय करताय? बाई जिवंत हाय! मागच्या महिन्यात तर भेटलो तिला.” नात म्हणाली, “मग चल ना आजी, उद्याच जाऊ पिशोरला.” माझं रडू थांबलं. गजरा काढून घेत मी म्हणाले, “मी नाय येणार. तिला ठाऊक हाय माझं घर.” ती आली नाही, मीही गेले नाही. आज तिचा फोटो आमच्या भिंतीवर लागला आहे. नात गजरा घेऊन उभी आहे, आणि माझा हात उचलत नाही.