राव काढून सांगा

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा ओलसर वास आणि कांदाभज्यांचा खरपूस वास एकाच वेळी नाकात शिरले, की मला हटकून वाटतं, इथे कुणीतरी मेलेलं आहे. दचकू नका. आमच्या कोल्हापुरातल्या ज्या खिडकीवर जन्म-मृत्यूचे दाखले मिळतात, तिच्या आत दिवसभर शिक्क्यांची थापाथापी चालते आणि बाहेर भिंतीला लागून एक भजीवाला कढई तापवून उभा असतो. आत शाई, बाहेर तेल आणि मधल्या वऱ्हांड्यात रांग. रांग एकच असते, ही त्यातली खरी गंमत! ज्यांच्या घरी पाळणा हलला ते आणि ज्यांच्या घरून तिरडी उठली ते, असे एकामागे एक उभे. त्या दिवशी माझ्या पुढे एक नवा कोरा बाप होता. त्याने मागे वळून पेढ्यांचा पुडा माझ्यासमोर धरला. "घ्या पावणं. मुलगी झाल्या. तुमचं काय, मुलगा की मुलगी?" मी म्हणालो, "काका." बिचारा गोंधळला, पण पेढा मागे घेणं त्याच्या कोल्हापुरी रक्ताला शोभणारं नव्हतं. तो मी खाल्ला. मृत्यूच्या रांगेत उभं राहून जन्माचा पेढा खाण्याचं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?

माझे हे काका मंगळवार पेठेत राहायचे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळी पेठ त्यांना पेंटर म्हणायची, आम्ही पोरं पेंटरकाका म्हणायचो. आणि काकू? तिने 'ह्यांनी', 'ह्यांना', 'ह्यांचं' एवढ्या तीन शब्दांच्या भांडवलावर अख्खा संसार केला. काकांचं खरं नाव महादेव. ते तिच्या ओठांवर यायचं ते फक्त कुणाच्या लग्नात, बायकांनी अडवून धरल्यावर, उखाण्याच्या पदराआडून आणि तेही 'महादेवराव' असं पूर्ण पोशाखात. एरवी नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत होती. इतकी पक्की, की कुणी तिचं स्वतःचं पूर्ण नाव विचारलं तरी ती "अनसूया" म्हणायची, मग एक आवंढा गिळायची आणि मग "शिंगटे" म्हणायची. मधल्या त्या आवंढ्यात काका असत. माझी बायको राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून माझं नाव अशा काही स्वरात घेते, की खालचे रिक्षावालेसुद्धा आपापली कामं आठवून चालू पडतात. आयुष्य कमी होण्याच्या त्या समजुतीत तथ्य असतं, तर मी कधीच त्या खिडकीवर पोचलो असतो, रांगेत नव्हे, कागदावर!

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. काकूने पापड लाटून, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरींचे डबे करून दिवस काढले आणि काकांचा मृत्यूचा दाखला काही कुणी काढला नाही. गरजच पडली नाही. मग या वर्षी एका सकाळी काकूने घरपट्टीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "ह्यो कागद अजून ह्यांच्याच नावानं येतोय. मेलेल्या माणसाला दरसाल बोलावणं आणि जित्या बाईला कोण इचारत न्हाय! सुध्या, माझ्या दोन खोल्यांना माझं नाव लागू दे. मला माझ्या घरात मरायचं हाय, पावणी म्हणून न्हाय." खोल्यांना तिचं नाव लागण्यासाठी काका गेल्याचा दाखला हवा होता. एवढंच काम. मी छाती पुढे काढून निघालो.

खिडकीतल्या मॅडमनी नाव विचारलं, साल विचारलं, पत्ता विचारला. जुनी नोंद म्हणून आत जाऊन आल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "महादेव शिंगटे वारलेच नाहीत."

मित्रहो, असं वाक्य आयुष्यात एकदाच ऐकायला मिळतं! मी स्वतः खांदा दिला होता. पण क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. वाटलं, काका कुठेतरी शिडीवर चढून 'शुद्ध तुपातील मिठाई'चा 'शु' काढत असतील आणि खालून कुणीतरी ओरडत असेल, "पेंटर, उकार ऱ्हायला की!" आपण माणसाला चितेवर ठेवतो, रक्षा विसर्जन करतो, चौकात फोटोचा फलक लावतो आणि समजतो की झालं. प्रत्यक्षात एक शिक्का बसायचा राहिला, की माणूस दप्तरात खुशाल जिवंत असतो, घरपट्टी भरण्यास पात्र!

ही बातमी मी काकूला नाट्यपूर्ण ढंगाने सांगितली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. हातातलं लाटणं तिने पोळपाटावर आडवं ठेवलं. "नाव म्या सांगितलंच न्हवतं," ती म्हणाली. "दवाखान्यात त्यो लिवणारा आला. 'बाई, मयताचं नाव काय?' ह्यास्नी तिथंच पांघरून ठेवलेलं. त्यांच्या देखत नाव कसं घ्यायचं? मी म्हटलं, सोमवारी बेल वाहत्यात त्या देवाचं. त्यो म्हणाला, 'कळलं, कळलं.'"

"आणि?"

"आणि काय? कळलं म्हणाला की!"

त्याला कळलंही असणार. देव अचूक कळला असणार, फक्त त्या देवाला नावांची काही कमतरता नाही. आता तुम्हीच सांगा, दोष कुणाचा? लिहिणाऱ्याचा? तो तर श्रद्धावान निघाला. काकूचा? ती तर त्या क्षणीही नवऱ्याचं आयुष्य वाचवायला बघत होती, जे संपून घटकाही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काकूला घेऊन गेलो. शाई तीच, भजी तीच, रांगेतला पेढेवाला मात्र निराळा. मॅडमना मी हळूच म्हणालो, "शंकर बघता का?" आणि सापडले! शंकर शिंगटे, पत्ता तोच, वय तेच, पत्नी अनसूया. नीलकंठ किंवा त्र्यंबक लिहिलं नव्हतं हे आमचं नशीब, नाहीतर सगळी सहस्रनामावली धुंडाळावी लागली असती. पण आता दुरुस्ती आली. जुनं रेशनकार्ड आणलं होतं, साक्षीला पेठेतले दोघे येणार होते. "आणि आजींचा जबाब लागेल," मॅडम म्हणाल्या. "इथला शंकर आणि रेशनकार्डावरचा माणूस एकच, हे त्यांनी खरं नाव घेऊन सांगायचं. मी लिहून घेते. हं आजी, नाव घ्या."

मी मदतीच्या भरात तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे न बघताच सुनावलं, "तुम्ही न्हाई हो. अर्ज त्यांचा हाय."

आता 'नाव घ्या' हे दोन शब्द मराठी बाईने जन्मात कुठे ऐकलेले असतात? उखाण्यालाच की! काकूने पदर सावरला. डोक्यावरून घेतला. घसा खाकरला. मागची रांग आपोआप पुढे झुकली आणि आमची काकू, त्या वऱ्हांड्यात, खणखणीत आवाजात म्हणाली:

"शिक्का मारा, सही करा, कागद द्या हातात,
महादेवरावांचं नाव घेते सरकारच्या दारात!"

काय सांगू! रांगेतून शिट्टी आली. कुणी "वा रं वा, आज्जे!" म्हणालं. भजीवाल्याने झारा कढईवर वाजवला. पेढेवाल्याने पुडा पुढे केला. मॅडमनासुद्धा हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी लिहायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. "आजी, रेशनकार्डावर नुसतं महादेव हाय. महादेवराव लिहिलं, तर आणखी तिसराच माणूस हुईल. राव काढून सांगा."

हसणं विरलं. काकूचा चेहरा एकदम लहान दिसू लागला. "राव कसा काढू, बाई?" ती म्हणाली. "मालक हायत माझं."

मॅडम थांबल्या. घाई करू शकल्या असत्या, मागे रांग होती. काकूने खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं. मग ती जणू स्वतःशीच बोलली, "आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय?" आणि म्हणाली, "महादेव."

ना यमक, ना मान, ना पदर. कुणी कुणाला ओट्यावरून हाक मारावी तसं, एवढंच. मला वाटतं, आमचे काका खरोखर वारले ते त्या क्षणी. काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते पुसलं नाही, आणि मॅडमनी लिहून झाल्यावर कागद तिच्याकडे अंगठ्यासाठी नव्हे, सहीसाठी सरकवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, भजी?" ती कढईजवळ उभी राहून म्हणाली, "मिरचीची घे. महादेवला मिरचीची लागायची." मग रिक्षात बसली आणि सुरू झाली. महादेव पावसात कसा शिडीवरून पडला, महादेवने सासूच्या चोरून तिला कसं सिनेमाला नेलं, महादेवला 'ळ' काढायला किती आवडायचं. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आज्जी, ह्यो महादेव कोण?" काकू म्हणाली, "हाय एक." आणि पदरात तोंड लपवून लाजली.

दुरुस्ती होऊन दाखला हातात आला तेव्हा काकूने दोन प्रती मागितल्या, एक घरपट्टीला आणि एक 'आपल्याला असू दे'. मग त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खिडकीवर आम्ही खोल्यांना तिचं नाव लावायला गेलो. तिथेही वाऱ्याबरोबर शाईचा आणि भज्यांचा वास येत होता. मला वाटलं, या वासाविषयी मी आजवर अर्धंच सांगत आलो, मरणाचं तेवढं. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव?"

मी सवयीने त्या आवंढ्याची वाट पाहू लागलो. तो आलाच नाही.

"अनसूया महादेव शिंगटे," काकू म्हणाली. "लिवा."