शिवणाच्या बाईंचं ऑनलाइन कपाट

कोल्हापुरात अंगावर कपडा घालून फिरणारा असा एकही माणूस नसेल, ज्याला आमच्या शिवणाच्या बाईंनी मनातल्या मनात उसवून पुन्हा शिवलं नाही. गळ्यात टेप अडकवूनच त्या जेवायच्या, बाजारात जायच्या, लग्नाच्या पंगतीतही तशाच बसायच्या. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाच्या शर्टाला बोट लावून विचारायच्या, "पावणं, खांदा अर्धा इंच उतरलाय, कुणी शिवलाय?" एकदा अंबाबाईच्या रांगेत त्यांनी पुढच्या बाईच्या ब्लाऊजची पाठ बराच वेळ न्याहाळली आणि तिला माहेरच्या नावानं हाक मारली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली, वळली आणि तिथंच पाया पडली. चेहरा बाईंनी पाहिलाच नव्हता, तुरपाई पाहिली होती.

मीही त्यांच्या शिवणक्लासला जायची. तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणून बाई मला 'मुके' अशी हाक मारायच्या. बटणाची काजं शिकवायला घेतली आणि त्याच आठवड्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तिथं माझा क्लास सुटला. दोन वर्षांनी परत आले ती झाडलोट करायला आणि मशीनना तेल घालायला. मुलींच्या ओळीत पुन्हा बसायची लाज वाटली. बाईंनी काही विचारलं नाही. फक्त पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तेल बेतानं घाल गं मुके, भजी तळायची न्हाईत."

क्लासमध्ये प्रत्येक मुलीची एक नमुना वही असायची. पानापानावर तळव्याएवढं कापड चिकटवलेलं आणि त्यावर एखादं काज, रफू, चुण्या नाहीतर झालर. मुली शिकून गेल्या तरी वह्या बाई देत नसत. तीन लोखंडी कपाटं भरली होती. मग एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी क्लासमध्ये शिरलं. ओसरल्यावर आम्ही दोघींनी सगळ्या वह्या दोरीवर चिमट्यांनी लटकवल्या. कव्हरवरची शाईची नावं साफ धुऊन गेली होती, दोरा मात्र जसाच्या तसा होता. मला रडू येत होतं. बाई एकेका वहीपुढं उभ्या राहून म्हणत होत्या, "नावं गेली तर जाऊ देत की. नाहीतरी लग्नात निम्म्या पोरींची नावं बदलत्यात. हात कुठं बदलतोय?"

कागदाला बुरशी धरणार हे दिसत होतं. म्हणून बाईंनी प्रत्येक पानाचा फोटो काढून तो ऑनलाइन ठेवायचं मनावर घेतलं. त्या स्टुलावर चढून मोबाइल धरायच्या आणि मी खाली पान ताणून धरायची. त्यामुळं जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला माझा अंगठा आला आहे. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला त्या कप्पे म्हणायच्या. कप्प्यांवर वर्ष नव्हतं की नाव नव्हतं. 'दोरा ओढणाऱ्या', 'डावखुऱ्या', 'बोलत बोलत शिवणाऱ्या', 'गाठ तीनदा मारणाऱ्या', 'सुरुवात झकास, पुढं कंटाळा' अशी ती विभागणी होती. ही नावं मी एका बोटानं टाइप करायची. मोठा शब्द सुचला की बाई स्वतःच खोडायच्या. म्हणायच्या, "चौथी शिकलेल्या बाईला सापडंल असं लिव्ह." बाहेरच्या कुणालाही त्या कपाटात काही सापडत नसे, आणि याचं बाईंना जरासुद्धा वाईट वाटत नसे.

पुढं काचबिंदूनं बाईंची नजर गेली आणि भाऊ त्यांना कुरुंदवाडला घेऊन गेला. क्लास चालवायला नव्या मॅडम आल्या. त्या मनानं चांगल्या, पण शिस्तीच्या. त्यांनी ते कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. महिनाअखेरीपर्यंत ज्या फोटोंना नाव लागेल ते ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे, असं त्यांनी ठरवलं. कागदाच्या वह्या तर बुरशीनं केव्हाच गेल्या होत्या. म्हणजे बाईंचं सारं आयुष्य पुसलं जाणार होतं, आणि ते थांबवायला तिथं मी एकटी, आणि माझं तोंड हे असं. रोज झाडू घेऊन मॅडमच्या टेबलापर्यंत जायची आणि तेवढाच कोपरा दोनदा झाडून परत यायची.

महिना संपायला चार दिवस उरले होते, तेव्हा शाहूवाडीकडची, बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आली. गावात शिवण शिकवायचं काम तिला मिळण्यासारखं होतं, पण शिकताना केलेलं काम दाखवा, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. मॅडमनी तिचं सासरचं नाव शोधलं, मग माहेरचं शोधलं. नावंच नव्हती तर सापडणार काय? ती बिचारी पिशवी उचलून निघाली. तेव्हा कसं कोण जाणे, मी दारात आडवी आले आणि म्हणाले, "ताई, जाऊ नका. एक काज घाला."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांनी माझा आवाज तोवर ऐकलाच नव्हता. मी सुई-दोरा आणि चिंधी दिली. ती खुर्चीच्या टोकावर बसून काज घालू लागली. शेवटी तिनं गाठ मारली, पुन्हा मारली, आणि तिसऱ्यांदा मारून दोरा दातानं तोडला. मी तो कप्पा उघडला. पाचव्या का सहाव्या फोटोवर तिनं पदर तोंडाला लावला. "ह्ये माझं हाय," ती म्हणाली. "बाच्या सदऱ्याचं कापड हाय त्ये." निळ्या चौकड्यांच्या कडेला माझा अंगठा होता.

ती गेल्यावर मॅडमनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाल्या, कप्पे आहेत तसेच राहू देत, जिची ओळख पटेल तिचं नाव शेजारी लिहीत जाऊ. आणि सहज विचारलं, "तुमचं यात कुठं आहे?"

मी सांगितलं, माझं नाही, माझं पुरंच झालं नव्हतं. तरी त्या कप्पे खाली खाली सरकवत गेल्या. अगदी तळाला एक कप्पा होता. तो मी टाइप केलेला नव्हता. त्यावर लिहिलं होतं, 'अजून चालू'. आत एकच फोटो, गुलाबी कापडावर अर्धं काज आणि त्यात टोचून ठेवलेली सुई. फोटो तिरका आला होता, एका हातानं काढल्यासारखा. कडेला अंगठाही होता, पण माझा नव्हता. टोचून टोचून खरबरीत झालेला, चपट्या नखाचा तो अंगठा मी कुठंही ओळखेन.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच बाईंना आपणहून फोन केला. कपाट वाचलं एवढंच सांगितलं. फोटोबद्दल बोलायला जमलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "तुझी वही टाकली, कापड न्हाई टाकलं. माझ्या ट्रंकेत हाय. ये आणि पुरं कर."

"बाई, तुम्हाला दिसणार नाही."

"बोटानं बघीन की. आणि येताना नवी सुई आण गं मुके, त्यातली गंजलीय."

सुयांचं पाकीट कालच आणलं. रविवारच्या कुरुंदवाडच्या गाडीनं जाणार आहे. या आठवड्यात तीनदा तरी चिंधीवर काज घालून बघितलं, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवून पाहिलं.