बघून झालं की मला उठवा

कान्हेरीच्या डोंगरावर माझी आत्या किती वेळा गेली असेल याला गणती नाही, आणि डोंगराच्या माथ्यावरून दिसणारी मुंबई तिने एकदाही पाहिली नाही. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या फाटकातून बस धरायची, लेण्यांपाशी उतरायचं, पाहुण्यांची तिकिटं काढायची, मोठ्या चैत्याला हात जोडायचे, मग पायऱ्या चढून थोड्या वरच्या अंगाला असलेल्या एका बारक्या लेण्यात शिरायचं आणि तिथल्या दगडी ओट्यावर पिशवी उशाला घेऊन आडवं व्हायचं. पाहुण्यांना हातानेच पुढची वाट दाखवायची. "जावा, वरून सगळी मुंबई दिसते. बघून झालं की मला उठवा." पाहुणे पहिल्या वळणाआड जायच्या आत तोंडावर पदर ओढून ती झोपलेली असे.

माथ्यावरच्या त्या जागेला आमच्याकडे पॉइंट म्हणत, म्हणून नात्यात तिला सगळे पॉइंटआत्या म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा समज असा, की हिला डोंगराची फार हौस. जालन्याकडून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना खंड नसे. कुणी दवाखान्यासाठी, कुणी परीक्षेसाठी, कुणी नुसतंच मुंबई बघायला. गेटवे, चौपाटी म्हणजे दिवसाचं प्रकरण आणि खिशाला चाट. त्यापेक्षा काजूपाड्यातल्या आमच्या खोलीपासून कान्हेरी जवळ, शिवाय बुद्धाची, म्हणजे आपलीच लेणी. दर्शनही झालं, मुंबईही झाली. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत आत्या म्हणायची, "मी नेते." लोक म्हणत, रात्रपाळी करून आलेली बाई, पण पाहुण्यांसाठी बघा किती जीव टाकते. आत्या हे कौतुक मुकाट्याने ऐकून घ्यायची आणि चपला शोधायला लागायची.

आत्या 'रात्रीची बाई' होती. चांगल्या घरांतल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपाशी रात्रभर बसायचं हे तिचं काम. कूस बदलायची, औषध द्यायचं, भांडं द्यायचं, आणि एखाद्याला काहीच नको असलं तर नुसता त्याचा हात धरून बसायचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे राहायची. सकाळी ती परत यायची तेव्हा आमच्या एकुलत्या एका खोलीत नळाची भांडी, माझी आणि भावाची शाळेची धांदल, बाबांचा डबा असा सगळा बाजार भरलेला असे. आम्ही पांगलो की आईचं शिवणयंत्र सुरू व्हायचं. यंत्राशेजारी उरलेल्या जागेत आत्याची सतरंजी पडे, आणि आईने पाय मारला की आत्याच्या डोक्याखालची फरशी थरथरे. आईचाही इलाज नव्हता, बायका संध्याकाळी ब्लाउज न्यायला यायच्या. आत्याने कधी तक्रार केली नाही. ती म्हणायची, "झोप मिळंल तशी तुकड्या-तुकड्यानं खायाची. शिळ्या भाकरीसारखी."

आख्खी भाकर तिला फक्त रविवारी, त्या ओट्यावर मिळायची. दगड गार, आत अंधार, बाहेर माकडांचा काय तो दंगा. सुरुवातीला तिथल्या रखवालदाराने हटकलं होतं. मावशी, इथे झोपायला मनाई आहे, असं तो म्हणाला तेव्हा मी तिथेच होते आणि घाबरले होते. आत्या उठून बसली. "भाऊ, हे ओटे कशाला कोरलेत मग?" रखवालदार म्हणाला, भिक्खूंना झोपायला. "मग? झोपायच्या जागी झोपले तर कुणाचं काय बिघडलं?" तो बिचारा डोकं खाजवत पुढच्या लेण्याकडे निघून गेला. पुढेपुढे तर तिची पिशवी माकडांनी पळवू नये म्हणून तोच काठी घेऊन लेण्याच्या तोंडाशी घुटमळायचा, आणि आत डोकावणाऱ्या कॉलेजच्या पोरांना दबक्या आवाजात हाकलायचा.

पाहुण्यांना माथ्यावर न्यायचं काम मग माझ्याकडे आलं. मला तरी काय ठाऊक असणार? झाडांचं हिरवं रान संपलं की इमारतींचं पांढरं रान सुरू होई, त्यापलीकडे खाडी, खाडीपलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्राची एक रेघ. हिरो लोकांचे बंगले कुठे, असं पाहुण्यांनी विचारलं की मी दक्षिणेकडे कुठेतरी हात करायचे. यात आपली खोली कुठली, असं विचारलं तर निळ्या टाकीची एक बरी इमारत दाखवायचे. पाहुणे खूश. खरं कौशल्य पुढेच होतं. उतरायची घाई करणाऱ्यांना मी दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं दाखवायला न्यायचे, मग आणखी एक टाकं, मग कोरलेली अक्षरं. ती मला वाचता येत नव्हती, तरी मी पाहुण्यांना बराच वेळ वाचायला लावायचे. खाली आत्याचं घोरणं अजून भरात असेल हे मला पक्कं माहीत असे.

एकदा मी तिला म्हटलं, तू एकदा तरी वर चल ना, काय दिसते मुंबई. ती पायरीवर बसून काकडी खात होती. तिखट-मीठ बोटाने चाटत म्हणाली, "बघितलीय की. रोज बघते. पेशंटच्या गॅलरीतून, पंधराव्या, विसाव्या माळ्यावरून. एकेक खिडकी विझत जाती. सगळी मुंबई झोपती आणि मी उभी. तीच मुंबई परत बघायला आणखी चढू का?" मग काकडीचं देठ माकडाकडे भिरकावून ती चालायला लागली. मला तेव्हा हसू आलं होतं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मी कॉलेजात असताना आईचे मामा आले. मामा म्हणजे मानपानाचं माणूस. अर्ध्या वाटेत त्यांचा गुडघा दुखायला लागला, ते एकटेच मागे फिरले, आणि लेण्यात येऊन बघतात तर आत्या तोंड उघडं टाकून ढाराढूर. त्यांनी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर जेवायच्या वेळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, पाहुण्यांना डोंगरावर सोडून यजमानीण खाली घोरते, ही मुंबईची पद्धत आज कळली. आत्याने घास तसाच हातात धरला. आई लाजेने लाल झाली. बाबांनी मात्र आवाज चढवला नाही, आणि त्यानेच खरी वाट लागली. ते कळवळून म्हणाले, "ताई, तू एवढी दमतेस आणि आम्हाला कळू नये? यापुढं पाहुण्यांचं मी बघतो. रविवारी तू घरी झोपायचं. एकदम आराम."

मायेपोटी केलेली गोष्ट नाकारायची कशी? आत्या घरी राहायला लागली. रविवारी आमच्या खोलीत बाबा, आम्ही, पाहुणे, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि 'हळू बोला रे, ताई झोपलीय' असं दर थोड्या वेळाने मोठ्याने सांगणारे बाबा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डोळे उघडे असायचे, मी पाहिलेत. महिना-दोन महिन्यांत तिचा चेहरा उतरला, चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं, बोलता बोलता ती वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची. आणि एका सकाळी ती घरी आली ती पिशवी कोपऱ्यात ठेवून नुसती बसून राहिली. पहाटे तिला डुलकी लागली होती आणि पेशंट आजोबा एकटेच उठायला गेले होते. पडले नाहीत, पलंगाच्या दांडीला धरून उभे राहिले, पण सुनेने पाहिलं. आणखी एकदा असं झालं तर दुसरी बाई बघू, असं तिने सांगितलं. आत्या आईला एवढंच म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय गं. जागायचेच पैसे देतात." मला तिची इतकी दया आली, आणि सगळ्यांचा इतका राग आला, की त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही.

पुढच्या रविवारी मी घरात जाहीर केलं, की माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना कान्हेरी बघायचीय, मोठं माणूस बरोबर हवं असं त्यांच्या घरचे म्हणतात, तर आत्या येईल का. बाबा म्हणाले, अगं, तिला आराम करू दे. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरींना एकटं कसं सोडायचं? मी नेते."

आम्ही दोघीच बसमध्ये बसलो. बस सुटली तशी ती म्हणाली, "मैत्रिणी कुठायत गं तुझ्या?"

"येतायत मागून. पुढच्या बसने."

"बरं," आत्या म्हणाली. लेण्यात पोचल्यावर तिने ओट्यावर पिशवी ठेवली, पदर ओढला आणि झोपली. मी लेण्याच्या तोंडाशी पुस्तक घेऊन बसले. वर गेले नाही. मुंबई मला पाठ झाली होती. त्यानंतर माझ्या मैत्रिणींना कान्हेरीचं जे वेड लागलं ते माझं लग्न होईपर्यंत सुटलं नाही. आई एकदा म्हणाली, या पोरी त्याच त्या डोंगरावर परत परत काय बघतात? पण मान खाली घालून सुईत दोरा ओवत म्हणाली, म्हणजे तिलाही सगळं कळलं होतं.

पुढे बाबांनी विरारला दोन खोल्या घेतल्या. आईचं यंत्र गेलं, आत्याचं काम सुटलं, तिला दार असलेली स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीला पडदा मिळाला, आणि झोप तेवढी मिळाली नाही. एवढी वर्षं रात्रीला जागवलं, आता रात्र ऐकेना. बाबा सांगायचे, मध्यरात्री बघावं तर ताई पलंगावर ताठ बसलेली, शेजारी पेशंट असल्यासारखी. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. ती मेली तीही बसल्या बसल्या, भिंतीला टेकून. तिचं जाणं आठवलं की मला राग येतो. निदान तेव्हा तरी तिने आडवं व्हायला हवं होतं.

आत्या जायच्या आदल्या वर्षी माझ्याकडे राहायला आली होती. मी बोरिवलीतच सासरी. मुलगा काही महिन्यांचा, रात्रभर किरकिरा, सकाळी अंधेरीचं ऑफिस, घरी सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. मी दुधाची पिशवी कपाटात आणि कपडे फ्रिजमध्ये ठेवायच्या बेताला आले होते. आत्या दोन दिवस नुसती बघत होती. रविवारी ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, बाळाला जरा धरा. मला पॉइंटला जायचंय, हिला संगं नेते." मला वाटलं, आता पिकलं पान, एकदा मुंबई बघून घ्यायची असेल. डोळे मिटत होते तरी मी नाही म्हटलं नाही.

बसमध्ये ती माझा हात धरून बसली. पायऱ्या चढताना दर थोड्या अंतरावर थांबली, तिला दम लागत होता. पण माथ्याच्या वाटेकडे तिने पाहिलंही नाही. आमच्या त्या लेण्यात शिरली, ओट्याच्या एका टोकाला बसली, पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर हाताने थोपटलं.

"पड इथं," ती म्हणाली.

"मी? अगं, तुला वर जायचं होतं ना?"

"तुझ्या मैत्रिणी येतायत मागून. तवर पड जरा. मला जागायची सवय हाय."

मी तिच्या पिशवीवर डोकं ठेवलं. दगड तसाच गार होता. तिने आपला पदर माझ्या तोंडावर ओढला, त्याला औषधी तेलाचा वास होता, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

मध्येच कधीतरी जाग आली. ऊन लेण्याच्या तोंडापासून सरकून आतल्या भिंतीवर आलं होतं. आत्या तशीच बसलेली होती, एक हात माझ्या केसांवर, दुसऱ्या हातात माकडांसाठी कुणाची तरी काठी.

"आल्या का गं मैत्रिणी?" मी विचारलं.

"नाही अजून," आत्या म्हणाली. "झोप तू."