भाकरीच्या जागी मिश्री

पोटात आग पडली असताना कुणी तुमच्या पदरात भाकरीऐवजी जळका चुरा टाकला, आणि त्यालाच तुम्ही हात जोडलेत, असं कधी झालंय?

आमचं रोज व्हायचं. कोल्हापुरात पेठेबाहेर तंबाखूची वखार होती. आम्ही वस्तीवरच्या बायका तिथं पानांच्या शिरा ओढायचो. जेवणाची सुट्टी नव्हती. ऊन डोक्यावर आलं की मालक मिश्री घेऊन यायचा. वखार झाडून निघालेला चुरा, आमच्याच पायाखालचा, खापरावर काळा करून आणलेला. आम्ही पदर पसरायचो. तो वरून टाकायचा.

"लावा दाताला. पोट गप बसतंय."

बसायचंच. हिरडीवर बोट फिरलं की डोकं हलकं. भूक मेलेली. हात पुन्हा चालू. फडक्यातली भाकरी वाळून घरी जायची. मला पहिली मिश्री आईनंच लावली होती. मी लहान होते, घरात पीठ नव्हतं. आई म्हणायची, "धनी देवमाणूस हाय."

देवमाणूस वरून का टाकायचा? आम्ही अस्पृश्य. आमच्या हातातून गेलेली तंबाखू तो स्वतःच्या गालात धरायचा. कोरड्या पानाला विटाळ नाही म्हणे. विटाळ आमच्या बोटांना. कोल्हापूरच्या महाराजांनी विटाळ मोडायचे हुकूम काढले होते. ते हुकूम वखारीचा उंबरा चढले नव्हते.

संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं शिकले. हाताला लागेल ती चोपडी वाचली. दारू सोडा, दारू सोडा. बाप्यांच्या दारूवर पानंच्या पानं. बायकांच्या मिश्रीवर एक ओळ नाही. आमचं व्यसन आरडाओरडा करत नाही. ते खाली मान घालून काम करतं. मग ते कुणाला खुपणार?

एका दुपारी आई शिरा ओढता ओढता आडवी झाली. डोळे पांढरे. अंगात तापाचा कण नाही. सकाळपासून पोटात अन्नच नव्हतं. मी तोंडावर पाणी मारलं, फडकं सोडलं.

"आये, ऊठ. घास खा."

तिनं डोळे उघडले. पाणी मागितलं नाही. म्हणाली, "भूक कुठं हाय गं? वाईच मिश्री दे."

तेव्हा मला कळलं. मालकानं आमची भूक विकत घेतली नव्हती. फुकट नेली होती.

तो आलाच. हसला. "म्हातारीला चिमूट जास्त टाकतो. पदर धर गं."

मी धरला नाही. मिश्री भुईवर पडली.

"माज आला व्हय? उचल!"

आई रांगत पुढं झाली, भुईवरची मिश्री बोटानं गोळा करायला लागली. मी तिचा हात धरला. मालकाकडं बघून म्हणाले, "आधी भाकरी खाणार. मग शिरा ओढणार." आणि त्याच्यासमोर बसून खायला लागले. बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. एकही उठली नाही.

त्यानं दोघींना हाकललं. घरी मिश्रीवाचून आईचं डोकं ठणकायचं, हात कापायचे. मला म्हणायची, "तू माझी वैरीण हायस." थोड्याच दिवसांत ती एकटी परत गेली. त्याच्या पाया पडली. पदर पसरला. भाकरी न्यायचीही तिनं सोडली.

मी मिश्री सोडली. जीव कासावीस झाला, पण सोडली. आता मला भूक लागते, कडकडून. ही भूक मी कुणाच्या हवाली करणार नाही. आईशी भांडीन, वस्तीशी भांडीन, पण बायकांच्या तोंडात ही गुलामी राहू देणार नाही.

हे वाचून हळहळू नका. उद्या दुपारी तुमच्या जवळच्या वखारीच्या दारात जा. मालकाला विचारा, बायकांना जेवायला केव्हा सोडतोस? त्या उठून जेवायला बसेपर्यंत तिथून हलू नका.