जत्रेत सापडलेली पोरगी

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जत्रा भरते तेव्हा तिथे आमच्या संस्थेचा एक मांडव असतो. हरवलेली मुलं लोक आमच्याकडे आणून सोडतात. आम्ही त्यांना पाणी पाजतो, मुरमुरे देतो, भोंग्यावरून पुकारतो. आईबाप धापा टाकत आले की ओळख पटवून पोर त्यांच्या हाती देतो. गावोगावी आम्हाला ‘पोट्टे सांभाळनाऱ्या बाया’ म्हणतात. काही जणी या नावावर चिडतात. मला ते आवडतं.

मी सावलीची. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि पोरींना शिकवायचं हे घरात तेव्हापासूनच ठरलेलं होतं. आईने लोकांच्या बांध्यांत भाताची रोवणी करून मला कॉलेजात पाठवलं. शिकलेली पोरगी पंख्याखाली बसेल, असं तिला वाटत होतं. मी या कामाला लागले तेव्हा ती म्हणाली, “खुर्ची नाई, पंखा नाई. दुसऱ्याच्या पोराईपायी सगळ्याईसंग भांडत राह्यते. काऊन?” भांडणांबद्दल तिचं म्हणणं खरंच आहे.

त्या वर्षी जत्रा ऐन भरात असताना एका महिला कॉन्स्टेबलने नऊ-दहा वर्षांची एक पोरगी मांडवात आणली. ती वैनगंगेच्या रेतीत एकटीच बसलेली दिसली होती. अंगात चांगला पण तिच्याहून मोठ्या मापाचा फ्रॉक होता. तळहात धुण्याच्या पावडरने फुटलेले, मनगटावर चटक्याचा डाग. हरवलेलं पोर रडतं. मांडवात आल्यावर तर जास्तच रडतं. ही रडत नव्हती. मांडवाच्या तोंडाकडे पाठ करून बसली होती.

मराठीत विचारलेल्या कशालाच तिने उत्तर दिलं नाही. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या गोंडीत विचारलं, “तू कोणाबरोबर आली होतीस? कुठे हरवलीस?”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “मी हरवली नाही.”

ती पळाली होती. भामरागडकडचं गाव तिचं. शाळेत घालतो म्हणून एका माणसाने तिला आणलं होतं. शाळा तिने पाहिलीच नव्हती. त्याच्या घरची भांडी, कपडे, लहान बाळ, सगळं तीच बघायची. बाळाला कडेवर घ्यायला म्हणून तिला जत्रेत आणलं होतं. गर्दीत तिने बाळ मालकिणीच्या मांडीवर ठेवलं आणि निघाली. नदीच्या काठाकाठाने गेलं की घर येईल, असं तिला वाटलं होतं.

तिचं सांगून होतं न होतं तोच तो माणूस सोबत्यांना बाहेर उभं करून मांडवात आला. मी त्याला ओळखत होते. जवळच्याच गावी त्याची भाताची गिरणी होती, आणि आमच्या संस्थेच्या बालगृहाला दर वर्षी त्याच्याकडून तांदूळ यायचा. मला पाहून तो हसला.

“इथी हाये का. आमी सारी जत्रा पालथी घातली. चल गं.”

पोरगी माझ्या मागे सरकली. तिने माझी ओढणी मुठीत धरली.

“भाऊ, ही कोण तुमची?” मी विचारलं.

“लेकीसारखी ठेवली हाये, मॅडम.”

“शाळेत जाते?”

“पुढच्या साली जाईन ना.”

“आईबाप?”

“जंगलात. त्याईले काय समजते.”

मी म्हणाले, “हिला तुमच्याबरोबर जायचं नाही. मी हिला गडचिरोलीला बाल कल्याण समितीपुढे नेणार. काय ते समिती ठरवेल.”

त्याचं हसू गेलं. “मले समिती दाखवता? तुमच्या पोट्ट्याईच्या पोटात भात जाते, तो कोनाचा हाये?”

“भात तुमचा आहे, भाऊ. पोरगी तुमची नाही.”

माझा आवाज चढला नव्हता. लोक जमले. कोणी म्हणालं, चांगली खाऊनपिऊन दिसते पोट्टी, देऊन टाका. बंदोबस्तावरचे हवालदार आले आणि मलाच समजावू लागले, “वाद काऊन वाढवता, मॅडम? ओळखीचा मानूस हाये.” तेवढ्यात आमच्या सचिवांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली हे विचारायची गरज नव्हती. “आत्ता देऊन टाका, नंतर शांतपणे बघू,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही या आणि तुमच्या हाताने द्या,” मी म्हणाले. “माझ्या हातून होणार नाही.”

त्यांनी फोन ठेवला.

शेजारी एका मुसलमान चाचीची बांगड्यांची हातगाडी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने गाडी ढकलत आणली आणि मांडवाच्या तोंडाशी आडवी लावली. बायका बांगड्या भरायला तिथेच गोळा झाल्या. त्या बायकांना धक्के मारून आत यायची त्या माणसाच्या सोबत्यांची हिंमत झाली नाही. “भाऊ, धंद्याचा टाइम हाये, बाजूले व्हा,” चाची त्यांना शांतपणे सांगत राहिली. कॉन्स्टेबल पोरीजवळ येऊन उभी राहिली. “पोरगी मी आनली. गडचिरोलीलेही मीच येते,” ती हवालदारांना म्हणाली. तिची नोकरी नवी होती. मला तिचं आजही नवल वाटतं.

आम्ही तिघी जीपने गडचिरोलीला गेलो. समितीने पोरीला मुलींच्या बालगृहात ठेवलं आणि तिच्या आईबापाला बोलावलं. ते आले. आईने आधी पोरीचं मनगट उलटंपालटं करून पाहिलं आणि ते हातातून सोडलंच नाही. बाप माझ्याशी बोलला. चिडून नाही, नुसतंच सांगावं तसं. “तिथी जेवाले तरी भेटे. घरी काय देऊ?”

राहायची-जेवायची सोय असलेल्या आश्रमशाळेत मी तिच्यासाठी जागा मागितली. त्यांच्या गावाजवळच्या आश्रमशाळेत जागा नाही, असं मला सांगण्यात आलं. मी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या व्हरांड्यात जाऊन बसले. रोज बसले. येणारे-जाणारे साहेब आधी नजर चुकवायचे, मग वैतागले, आणि शेवटी जागा निघाली.

इकडे गिरणीचा तांदूळ बंद झाला. मी देणगीदाराचा अपमान केला म्हणून संस्थेच्या बैठकीत मला बोलावलं आणि माफी मागायला सांगितलं. समोर सगळी भली माणसं होती. त्यांनाही मुलांची काळजीच होती. मी विचारलं, “माफी नेमकी कशाची मागू? मी काय चुकीचं केलं ते एकाने तरी सांगा.” मी माफी मागितली नाही. माझी बदली आरमोरीला झाली. मला शिक्षा म्हणून पाठवलं होतं, पण तिथेही पोरी कामाला लावलेल्या होत्याच, आणि त्यांच्यासाठी भांडायला मी होते. बालगृहाचं म्हणाल तर एक वेळची पातळ खिचडी झाली, पण मुलं उपाशी राहिली नाहीत. धान निघाल्यावर गावागावांतून पोती आली.

गिरणीवाल्यावर गुन्हा नोंदवला गेला, पण प्रकरण अजून लोंबकळतंय. तो माणूस कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसतो. एकदा त्याच्या सत्काराचा पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला गेला. मी तो टेबलावर ठेवला आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यावरही बैठक झाली.

मागच्या महिन्यात आश्रमशाळेत गेले होते. पोरगी आता माझ्या खांद्याला लागते. मराठी धडाधड बोलते, गणितात कच्ची आहे. तिच्याशी बोलून निघाले तर अधीक्षक बाईंनी मला बाजूला घेतलं.

“तुमची ती पोरगी फार उलटून बोलते,” त्या म्हणाल्या. “परवा माझ्या घरची चार भांडी घासून दे म्हटलं, तर तोंडावर सांगते, नाई घासत, मी इथी शिकाले आली.”

“बरोबर बोलली,” मी म्हणाले.

बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी माझी तक्रार केली असणार. करू देत.