देजाचं ताट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं. चौथीपर्यंतच शिकले, त्यातही लावणीच्या दिवसांत शाळा बुडायची. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुकांची माफी असावी. चार माणसं बसली की माझा आवाज घशातच राहतो. कागदापुढे तसं होत नाही.

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो जव्हारहून मोखाड्यावरून सूर्यमाळला प्रवासी जीप चालवायचा. मी जव्हारला डेपोजवळच्या खानावळीत नागलीच्या भाकऱ्या थापायचे आणि सुट्टीला त्याच्या जीपने आमच्या पाड्यावर जायचे. त्याने माझ्यासाठी पुढची जागा धरून ठेवायला कधी सुरुवात केली ते मला कळलंच नाही. जीपच्या काचेवर भाऊंचा फोटो चिकटवलेला होता. भाऊ म्हणजे त्याच्या पक्षाचा आमच्याकडचा मोठा माणूस. जीपही भाऊंचीच. मी खिडकीबाहेर बघत राहायचे.

“भाऊंशी भांडण आहे का तुझं?” एकदा त्याने विचारलं.

“मी कुणाशी भांडत नाही.”

“मग तोंड का फिरवतेस? फोटो काय चावत नाय.”

“फोटो नाही चावत,” मी म्हणाले.

मागे बसलेली माणसं खो खो हसली. मोखाडा येईपर्यंत मी मान वर केली नाही. तो मात्र गालात हसत होता. तिथून आमचं जमलं.

जमलं तरी भाऊंचा, पक्षाचा विषय निघाला की दोघांचीही तोंडं कडू व्हायची. मी लहान असताना जंगलखात्याची माणसं, जमीन खात्याची म्हणून, आमच्या नागलीच्या रोपांत गुरं घालून गेली होती. आई ओल्या बांधावर बसून रडली होती. मग आमच्या झेंड्याचे, भाऊंच्या विरोधातले लोक आले, मोर्चे निघाले, आई-बा पायांना फोड येईपर्यंत चालले, तेव्हा कुठे जमिनीचा कागद मिळाला. आमच्या घरावर तो झेंडा कायम असे. फाटला की बा नवा लावायचा.

त्याचं घर जव्हारकडच्याच वांगणीला. त्याच्या बापाला साप चावला तेव्हा रस्ता नव्हता. झोळीत घालून नेताना ओढ्यातच बाप गेला. पुढे रस्ता झाला तो भाऊंनी आणला, असं तो मानायचा. “तुमचे मोर्चे चालत जातात,” तो म्हणायचा, “माझ्या बापाला गाडी पाहिजे होती.” यावर मी काय बोलणार? आणि माझ्या आईच्या रडण्यावर तो तरी काय बोलणार? पण दोघंही बोलायचोच. मग तो गाडी जोरात हाणायचा आणि मी घाटातल्या वळणावर दांडी घट्ट धरून बसायचे.

तरीही लग्न ठरलं. आमच्यात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज, म्हणजे पैसे, देतात. पाड्यातल्या जाणत्या माणसांसमोर, मुलाच्या बापाने किंवा मामाने, आपल्या हाताने पितळेच्या ताटात ठेवायचं. ज्याच्या हातून देज पडतं तो व्याही. आणि व्याही काही मागायला आला तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. त्याला बाप नाही, मामाही नाही. त्या दिवशी भाऊ पांढऱ्या गाडीतून आले. हसत हसत ताटापुढे बसले आणि देज त्यांनीच ठेवलं. पैसेही त्यांचेच होते. पाड्यावर सगळ्यांना कौतुक वाटलं. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला लिहू?

दिवाळीच्या आधी भाऊ परत आले. होळीनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक होती. ओसरीवर बसून चहा पिताना माझ्या बाला म्हणाले, “पुढारी म्हणून नाय आलो, व्याही म्हणून आलोय. तुमचा पाडा यंदा आमच्याकडे पाहिजे.” भाऊ गेल्यावर बाने शिडी लावली आणि घरावरचा झेंडा आपल्या हाताने उतरवून, घडी घालून, धान्याच्या कणगीमागे ठेवला. पाठोपाठ पाड्यातल्या दुसऱ्या घरांवरचे झेंडेही उतरले.

मी जव्हारला गेले. जीप रिकामी होईपर्यंत उभी राहिले.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“भाऊ व्याही का झाले ते.”

“मला वाटलं मान दिला. बाप नाय मला. कुणीतरी उभं राहिलं.”

“तुला बाप नाही म्हणून माझ्या बाने झेंडा उतरवायचा?”

तो चिडला. “मत कुणालाही द्या ना! आत कोण बघायला येतंय?”

“मताचं नाही विचारत मी. बाने शिडी लावली, ते विचारतेय.” मग एका दमात बोलून टाकलं. “देज तुझ्याकडून यायला हवं, त्यांचे पैसे तू परत कर. तोवर मी हळद लावून घेणार नाही.”

“परत केले तर ही जीप जाईल.”

“जाईल.”

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मी घरी जायला एसटी धरू लागले. रस्त्यात जीप दिसली की मी मान वळवून बघायचे. पुढच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असे. मी हट्टाने माणूस घालवला, असं आई उघड म्हणायची.

मग एका सकाळी तो चालत पाड्यावर आला. जीपची चावी भाऊंना देऊन आला होता. पाड्याच्या जाणत्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, व्याहीपण सोडवायचं कसं?

म्हातारा म्हणाला, “ताटात पडलं ते ताटातूनच जायचं. त्याच माणसांसमोर. शेवटची नोट पडेपर्यंत तो व्याही.”

“आणि भाऊ आलेच नाहीत तर?”

“व्याह्याने बोलावलं तर व्याह्याला यावं लागतं.” म्हातारा बिडी पेटवत हसला. “आता ते त्यालाबी लागू.”

लग्नाआधी घर मांडायला आमच्यात बंदी नाही. आम्ही दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलो. शेठ उचल देत होता, ती घेतली नाही. घेतली असती तर एकाच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या हातात गेलो असतो. तो चिखल तुडवायचा, मी विटा पाडायचे. झोपडीतही वाद सुटला नाही.

“एक सांगून ठेवतो,” तो म्हणाला, “पैसे फेडले तरी मत मी भाऊंनाच देणार.”

“दे. मी माझ्या झेंड्याला देणार.”

“मग एवढ्या विटा कशाला पाडतोय आपण?”

“तुझं मत तू तुझ्या मनाने द्यावंस म्हणून.”

त्याने हातावरचे फोड बघितले. मग म्हणाला, “मीठ कमी आहे कालवणात.”

होळीला हिशेब करून परत आलो. बाने निरोप पाठवला आणि भाऊ खरंच आले. तीच माणसं, तेच ताट. तो एकेक नोट ठेवत गेला, म्हातारा मोजत गेला. खिसा रिकामा झाला तरी रक्कम थोडी कमी भरली. भट्टीवर मला ताप आला होता, त्या औषधात तेवढे गेले होते.

भाऊ हसले. “राहू दे रे. बाकीचा आमच्याकडून पोरीला आहेर.”

सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागले. म्हातारा माझ्या बाकडे बघत होता. आहेर घेतला असता तर व्याहीपण राहिलंच असतं.

“नको,” मी म्हणाले.

एवढ्या माणसांत माझा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. हळदीच्या लुगड्यासाठी खानावळीच्या पगारातून ठेवलेले पैसे माझ्या कमरेच्या पिशवीत होते. गाठ सुटेना. त्याने खाली वाकून ती दाताने सोडवली, तेव्हा बायका तोंडावर पदर धरून हसल्या. मी पुढे झाले आणि कमी पडत होते तेवढे पैसे ताटात ठेवले.

म्हाताऱ्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग ताट दोन्ही हातांनी भाऊंकडे सरकवलं आणि म्हणाला, “फिटलं. सगळं फिटलं.”